हा माणूस माझा कुणी नाही

जळगाव.

बस सुटली तरी त्या माणसानं दिपमालाचं मनगट सोडलं नाही. तिकिटाचे पैसे काढताना फक्त हात बदलला.

"एक फुल, एक हाफ. धुळे."

कंडक्टरनं पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

नऊ वर्षांची दिपमाला खिडकीशी बसली होती. बाहेर एप्रिलचं ऊन आणि अंगात निळा लोकरी स्वेटर. निघताना त्यानंच घातला होता. डाव्या बाहीच्या आत लोकर फोडांना चिकटली होती. हात हलला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून ती हलवत नव्हती.

काही करायचं तर धुळ्यालाच. तिथून पुढे दुसरी गाडी, मग शेतातली खोली. तिथे ओरडलं तर ऐकायला फक्त विहिरीवरची मोटार.

एरंडोल.

सकाळी फैजपूरला मावशी तिच्या फोडांना मलम लावून केळीच्या पॅकिंगला निघाली तेव्हा बजावून गेली होती, "आतून कडी लाव. कुणीही आलं तरी उघडायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही."

तासाभरानं दार वाजलं. "मावशी चक्कर येऊन पडली, चल लवकर."

दिपमालानं कडी काढली. मावशी कुठेच पडली नव्हती.

बसमध्ये त्या माणसाचा फोन वाजला. "हां, मिळाली. नाही, आवाज नाही काढत. संध्याकाळपर्यंत खोलीवर आणतो." फोन ठेवून त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्या मांडीवर टाकली. तिला बस लागते, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

शाळेत मॅडमनी मुलं पळवणाऱ्यांवर एक तास घेतला होता. फळ्यावर मिशीवाला माणूस काढला, त्याच्या हातात चॉकलेट. "नुसतं रडायचं नाही. रडणारं पोर लोकांना हट्टी वाटतं. गर्दी बघायची आणि ओरडायचं. काय ओरडायचं?"

"हा माणूस माझा कुणी नाही!" सगळा वर्ग तीनदा ओरडला होता.

दिपमालाला एक प्रश्न विचारायचा होता. तिनं हात वर केला, तेवढ्यात घंटा झाली.

हा माणूस माझा कुणी नाही. ऐनवेळी तोंडातून भलतंच काही निघू नये, म्हणून सकाळपासून ती मनात तेवढंच घोकत होती.

पारोळा.

एक म्हातारी चढली आणि पिशवीसकट त्यांच्या शेजारी बसली. मागच्या सीटवरून कुणीतरी तिला 'तानुबाई' म्हणून हाक मारली.

"काय व माय, एवढा उन्हायामा स्वेटर?"

"ताप शे तिले, अक्का," तो माणूस म्हणाला.

"तुन्हं नाव काय शे व?"

"दिपमाला."

मनगटावरची बोटं आवळली. "झोपू द्या तिला, अक्का."

तानुबाई गप्प बसणारी नव्हती. "पोरं चोरनारी टोळी फिरी राहिनी म्हने. मोबाईलवर फोटू उना. मन्ही सून तर पोरले परसाकडेबी एकटं धाडत नही. बापाले संगे पाठवस."

मागची सीट हसली. तो माणूसही हसला. "दिवसच तसे आहेत, अक्का."

दिपमालानं तानुबाईकडे पाहिलं. एक बाई म्हणजे गर्दी नाही. ती थांबली.

धुळे.

स्टँडबाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते. बाकड्यांवर माणसं, रिक्षावाले, टरबुजाच्या गाड्या. दिपमालानं पाय रोवले. छाती भरून श्वास घेतला.

"हा माणूस माझा कुणी नाही!"

घुंगरू थांबले.

"हा माणूस माझा कुणी नाही! मला पळवून नेतोय!"

मग सगळं एकदम झालं. रिक्षावाल्यांनी त्याची कॉलर धरली. कुणीतरी थोबाडीत मारली. मनगट सुटलं. तानुबाईनं पिशवी टाकून तिला पोटाशी धरलं. ओढाताणीत स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर गेली.

"अरे देवा!" तानुबाई किंचाळली. "मुडदानी पोरले डाग दिन्हात रे! हाई पहा, हाई पहा!"

सगळ्यांनी पाहिलं. ओळीनं पाच डाग, दोन अजून ओले. एका बाईनं पदर तोंडाला लावला. रिक्षावाला रडवेला झाला आणि त्यानं आणखी दोन ठेवून दिल्या.

दिपमालाला वाटलं, मॅडमचं खरं होतं.

"थांबा, मारू नका!" रसवंतीवाले ज्ञानेश्वरनाना मधे आले. गल्ल्यावर बसणारा माणूस, त्यांचं सगळे ऐकायचे. "आधार दाखव रे."

ओठ फुटलेल्या माणसानं खिशातून कार्ड काढलं. नानांनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं, "प्रेमराज रुपचंद सोनवणे."

"पोरीलाच विचारा," तो माणूस म्हणाला. "पूर्ण नाव विचारा."

नाना तिच्यासमोर वाकले. आवाज अगदी मऊ. "घाबरू नको बेटा. आम्ही आहोत इथे. पूर्ण नाव सांग तुझं."

दिपमालानं ओठ दाबून धरले. पण नाना वाट बघत होते, सगळी गर्दी वाट बघत होती, आणि पहिलीपासून रोज उभं राहून म्हटलेलं ते आपोआप बाहेर आलं.

"दिपमाला प्रेमराज सोनवणे."

मग कुणीतरी हसलं. "आयला, बापच आहे की!"

"काय ही आजकालची पोरं!"

रिक्षावाल्यानं त्याची कॉलर नीट केली. "माफ करा भाऊ. पोरीसाठीच केलं हो." "ताप आहे तिला," तो म्हणाला. नानांनी आत हाक मारली, "दोन ग्लास रस दे रे, बिनबर्फाचा. पोरीला ताप आहे." घुंगरू पुन्हा वाजू लागले.

बापानं मनगट धरलं.

तानुबाईचा हात अजून दिपमालाच्या कोपरावर होता. तिनं एकवार त्या पाच डागांकडे पाहिलं, एकवार बापाकडे. मग स्वेटरची बाही हलक्या हातानं, फोडांना लागणार नाही अशी, मनगटापर्यंत खाली ओढून दिली.