सगळं आवरून

"संगणकाने नाव विचारलं की 'बंद' लिहायचं, एंटर दाबायचा. पासवर्डही नको, तो आपला आपण सगळं आवरून झोपतो," बँकेचे संगणक सांभाळणारे दिघे जेवताना लेकीला सांगत होते. "वीज गेली, मी नसलो, तर अगदी साहेबांनाही जमेल."

"जन्मभर नोकरी करून बाबा, शोध लावलात तो संगणक झोपवायचा!" शर्वाणी हसली. तेही हसले. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

बँकेतच भरलेल्या शोकसभेत साहेब शर्वाणीसमोर 'न भरून येणारी पोकळी' म्हणतात तोच वीज गेली. यूपीएस किंचाळू लागला. बॅटरी संपण्याआधी मुख्य संगणक नीट बंद झाला नाही, तर दिवसभराचे व्यवहार बुडणार होते.

"बंद करायचा अधिकार कोणाचा?" साहेब ओरडले.

"दिघ्यांचा," एक कारकून म्हणाला. "त्यांच्या गैरहजेरीत कोणाचा, ते समिती ठरवणार होती."

"मग समितीच्या अध्यक्षांना बोलवा!"

"अध्यक्ष दिघेच होते, साहेब."

शर्वाणीने पुढे होऊन 'बंद' लिहिलं, एंटर दाबला. एकेक काम आवरत संगणक शांत झोपला.

काळ्या पडद्याकडे पाहत ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, फार छान केलंत हो."