तिची कबुली

तेरा वर्षांच्या मुलीवर घड्याळ चोरल्याचा ठपका होता आणि पुरावा काय, तर तिची कबुली. खालच्या कोर्टाने ती डोळे झाकून मान्य केली होती. अपिलात न्यायाधीशबाईंनी त्या निकालाच्या चिंध्या केल्या.

"मुलगी दोनदा 'नाही' म्हणाली. तिसऱ्यांदा दरडावून विचारलं, तेव्हा 'हो' म्हणाली. ही कबुली नव्हे, हे थकणं आहे. समोर लहान मूल आहे म्हणून कमी पुरावा चालत नाही. निर्दोष मुक्तता!"

शिरस्तेदारांनी निकालपत्र सहीसाठी पुढे सरकवलं. पेन शोधताना बाईंचा हात काळ्या कोटाच्या आतल्या, एरवी वापरात नसलेल्या खिशात गेला आणि त्यांचं ठेवणीतलं शाईपेन हाती आलं. याच पेनासाठी गेल्या आठवड्यात त्यांनी आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला फैलावर घेतलं होतं. तिने हरवल्याचं कबूल केल्यावरही बाईंनी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

सही जरा वाकडीच झाली.

घरी पोचताच, चपलाही न काढता, त्या लेकीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पेन पुढे धरलं.

"अगं, हे माझ्याच कोटात होतं. मग तू 'मीच हरवलं' असं का म्हणालीस?"

लेकीने वहीतून मानही वर केली नाही.



"आधी दोनदा खरं सांगून बघितलं होतं की, आई."