बंद न पडणारी गाडी

जावईबापूंच्या जुन्या गाडीची एक खोड होती. शनिवारी ठणठणीत असायची आणि रविवारी सासुरवाडीला निघायचं म्हटलं, की हमखास बंद पडायची. कधी बॅटरी, कधी क्लच. जावईबापू फोनवर हळहळायचे, "काय करणार बाबा, निघालोच होतो!" बायको बिचारी भरलेली पिशवी रिकामी करायची आणि हे दिवसभर सोफ्यावर आडवे.

शेवटी सासरेबुवांना जावयाची दया आली. त्यांच्या जपानी गाडीने बारा वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता. "डोळे मिटून हीच घ्या," अशी त्यांनी महिनाभर भुणभुण लावली आणि शोरूममध्ये शेजारी बसून जावयाला तीच गाडी घ्यायला लावली.

गाडी भलतीच गुणी निघाली. पाऊस असो, थंडी असो, किल्ली फिरवली की सुरू! जावईबापू भेटेल त्याला तिचं कौतुक ऐकवायचे.

परवाच्या रविवारी सासरेबुवांकडे जेवायला बोलावणं होतं आणि दुपारी नेमकी फायनल मॅच. बायको वर तयार होत होती, तेवढ्यात जावईबापूंनी पार्किंगमधून फोन लावला.

"काय सांगू बाबा, निघालोच होतो, पण गाडी सुरूच होत नाहीये!"

पलीकडे सासरेबुवा पोट धरधरून हसायला लागले.



"अहो जावईबापू, हे पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून तर ही गाडी घ्यायला लावली! या लवकर, ताटं घेतोय."