शेवटच्या बारा पट्ट्या

"घरघर गेली," ऑर्गनच्या पोटातून डोकं बाहेर काढत कानसेन म्हणाले. "दोन कपॅसिटर फुगले होते. पन्नाशीत माणूस फुगतो, ते का नाही फुगणार?"

हॉलचा रखवालदार हसला. "म्हणजे झालं काम, काका?"

"थांब जरा. पट्टी न् पट्टी ऐकल्याशिवाय मी मागची फळी लावत नसतो."

कानसेन हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. गिऱ्हाइकाने टेलिफोनवरून बिघडलेला सूर ऐकवावा आणि यांनी घरबसल्या नेमका कुठला सांधा सैल झालाय ते सांगावं, अशी एके काळची ख्याती. हा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन तर त्यांच्या उस्तादांनी बसवलेला. तेव्हा पक्कड धरून शेजारी उभे होते ते कानसेनच.

आता मात्र हॉलच्या समितीने निर्वाणीचं सांगितलं होतं. रविवारी संध्याकाळी समूहगानाचा कार्यक्रम आहे, त्यात हा धड वाजला तर ठेवू, नाहीतर सोमवारी भंगारात. नवा की-बोर्ड पसंत करूनही झाला होता. कानसेनांनी मात्र छातीठोकपणे शब्द दिला होता, की रविवारी एकही पट्टी मुकी राहणार नाही.

ते डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाले. खर्ज घुमला. मधले सूर स्वच्छ आले. मग त्यांनी सगळ्यात वरच्या, तीक्ष्ण सुरांचं बटण दाबलं आणि उजव्या टोकाला पोचले. शेवटच्या बारा पट्ट्यांतून काहीच आलं नाही.

"या मेल्यात," ते म्हणाले.

"बाईंनी तर फक्त घरघर सांगितली होती," रखवालदार म्हणाला. बाई म्हणजे गाण्याच्या बाई. त्या रविवारीच यायच्या होत्या. "पण काका, मला तर..."

"तुला सूर आणि सायकलची घंटा सारखीच. तू जा, चहाचं बघ."

रखवालदार गेला. मोठ्या माणसाशी कोण वाद घालणार?

गुरुवारच्या उरलेल्या दिवसात कानसेनांनी त्या बारा पट्ट्यांखालचा प्रत्येक सांधा नव्याने डाग देऊन पक्का केला. शुक्रवारी मीटर लावला, तर काटा व्यवस्थित हलत होता. वीज पोचत होती, आवाज तेवढा नव्हता.

"मीटरला कान नसतात," ते स्वतःशीच म्हणाले आणि मीटर पेटीत टाकला. मग वरच्या सुरांचा छोटा स्पीकर बदलला. तरी घोडं तिथेच अडलेलं. दुपारभर ते त्याच पट्ट्या दाबून बघत राहिले. एरवी ऑर्गनवर पसरणारी हॉलची मांजर दोन दिवसांत फिरकली नव्हती, आणि रखवालदारही डोकं दुखतंय म्हणून बाहेर झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. कानसेनांना त्याचं वाईट वाटलं. कामाचा कंटाळा असणारी माणसं अशीच लवकर आजारी पडतात, असं त्यांचं मत होतं.

शनिवारी सकाळी चहा घेताना बायको दंडावरच्या गांधी खाजवत होती. डासांनी रात्रभर कानाशी उच्छाद मांडला होता म्हणाली.

"मला नाही बुवा एकही जाणवला. माझं रक्त कडू असणार."

"ते तर मला लग्नापासून ठाऊक आहे." तिने त्यांच्यापुढे पोळी सरकवली. "अहो, एकदा दुसऱ्या कुणाला दाखवा ना तो ऑर्गन."

"दुसरा आहे कोण?"

खरंच कुणी नव्हतं. या शहरात असले ऑर्गन उघडणारा हा शेवटचाच माणूस, आणि हा ऑर्गन गेला की त्यांना हाक मारायचं कुणाला कारणच उरणार नव्हतं. कानसेनांना त्याची भीती वाटत होती. तिलाही वाटत होती.

त्याच दिवशी त्यांना उपाय सुचला. सूर अशक्त झालाय ना? मग त्याला ताकद द्यायची. मैदानातल्या सभांसाठी भाड्याने मिळणारा सगळ्यात तगडा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा कर्णा त्यांनी दुकानातून आणला आणि फक्त त्या बारा पट्ट्यांसाठी जोडायला घेतला. जोडणी किचकट होती.

रविवारी संध्याकाळी शेवटचा सांधा थंड झाला, तेव्हा हॉल भरला होता. समितीची माणसं पहिल्या रांगेत होती आणि गाणारे चाळीस जण मागे खुर्च्यांवर बसून वाट पाहत होते.

"काका, राहू द्या ना आता," गाण्याच्या बाई हळूच म्हणाल्या. "घरघर गेलीय, मला तेवढं पुरे. वरचं मी वाजवतही नाही."

"एकच मिनिट. शब्द दिलाय मी."

हॉलकडे पाठ करून ते बसले. त्यांनी शेवटची पट्टी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने आवाज वाढवायला सुरुवात केली. अर्ध्यावर नेला, काही नाही. पाऊण केला, काही नाही. दात आवळून त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आला. दुरून, सुतासारखा बारीक, पण आला.

आज उस्ताद हवे होते, असं फार वाटलं कानसेनांना. एकामागून एक बाराही पट्ट्या त्यांनी दाबल्या, प्रत्येकीवर मनसोक्त थांबून. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. लोक उठून उभे राहत होते.

डोळे पुसून, दाद घ्यायला ते सावकाश वळले. समितीच्या माणसांनी, गाणाऱ्या चाळीस जणांनी आणि बाईंनीसुद्धा दोन्ही हातांनी आपापले कान गच्च दाबून धरले होते.