विलायती पंप

महादेवप्पा गाडीखाली उताणे पडले होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. गाडी लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून उद्या निघणाऱ्या मिरवणुकीत हीच गाडी सगळ्यात पुढं राहणार, असं त्यांनीच चौकात जाहीर केलं होतं. आणि परवा गाडीनं धूर सोडला. गावातले मिस्त्री इंजिन बघून दोन पावलं मागं सरकले, तेव्हा स्वतःच्या डाळमिलच्या मोटारी खोलायची सवय असलेल्या या मालकांनी पाने-पकडी घेऊन घराच्या अंगणातच बैठक मारली.

व्हरांड्यात त्यांच्या पत्नी रुद्राणी बहिणीशी फोनवर बोलत होत्या. त्यांचा आवाज असा, की फोन नसता तरी बहिणीला ऐकू गेला असता.

"कुठं येणार बाई? हे सकाळपासून पंप बसवून राहिलेत. हाव, पाण्याचाच. नवा, विलायती! आज चालू करतोच म्हणतेत."

यात एक शब्द खोटा नव्हता. एक शब्द तेवढा राहून गेला होता.

कुंपणापलीकडं धुरपताबाई राखेनं कोरडीच भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबला. टँकर येऊन अकरा दिवस झाले होते. महादेवप्पांची बोअर संक्रांतीलाच आटली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण विलायती पंपाचं काय सांगावं.

अर्ध्या तासात फाटकाबाहेर नंबर लागला. चौदा घागरी, चार कळश्या, एक दुधाची किटली. माणसं समोरच्या लिंबाखाली बसून आपापल्या भांड्यावर नजर ठेवून होती. कुणी हाक मारली नाही. मालक काम करून राहिलेत, मधी बोलू नये.

गाडीखाली महादेवप्पांनी खालचा पाइप सोडला. आत एवढं पाणी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. घमेलं भरलं, सांडलं आणि ओघळ उतारानं फाटकाकडं निघाला.

"आलं! पाणी आलं!"

फाटक धाडकन उघडलं. महादेवप्पा सरपटत बाहेर येईपर्यंत धुरपताबाईंनी ओघळात हात घातलाही होता.

"पिऊ नका! जहर हाय ते!"

बाईंच्या बोटांवरून हिरवं, बुळबुळीत पाणी गळत होतं. "हिरवं कामून हो, अप्पा?"

"ते... गाडीचं हाय."

"आन् पंप?"

"त्यो बी गाडीचाच."

आधी हसले ते अण्णाराव. पस्तीस वर्षं एसटी चालवलेले. "अगं, इंजिनात पाणी फिरवायला गाडीला बी पंप असतोय. मालक, जिल्हा झाला की पहिला नळ या गाडीलाच जोडा!"

गल्ली हसली. महादेवप्पांना ते बरंच वाटलं. हसलेली माणसं लवकर घरी जातात. तेही हसले आणि हसत हसत मागं सरकून पायरीवर बसले.

त्यांच्या पाठीमागं पायरीवर वीस-वीस लिटरचे दोन जार होते. फिल्टरच्या पाण्याचे. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, साध्या पाण्यातल्या क्षारानं इंजिन आतून खराब होतं, शुद्ध पाणीच वापरावं. एका जारनं आतलं धुवायचं, दुसऱ्यातलं भरायचं. महादेवप्पा तसे रुंद होते, पण दोन जार त्यांच्याहून थोडे जास्त रुंद होते. त्यांनी मांडी पसरली.

"आता हिच्यात कोणतं पाणी घालणार?" अण्णारावांनी विचारलं. "लई नाजूक दिसतीय."

"कोणतं बी चालतंय," महादेवप्पा म्हणाले. "तिला काय कळतंय."

एकेक भांडं उचललं गेलं. रिकाम्या घागरी घरी जातानाही डोक्यावरूनच गेल्या, सवयीनं.

महादेवप्पांनी नवा पंप बसवला. एकेक बोल्ट समोरासमोरचा पिळत गेले. काम हाताला आलं तसा चेहऱ्यावर रंग परत आला. जारचं बूच काढायला ते पायरीशी वळले, तर फाटक पुन्हा वाजलं. धुरपताबाई होत्या. कमरेवर कळशी, अर्धी भरलेली. महादेवप्पा पुन्हा पायरीवर बसले.

"घ्या, अप्पा. टँकरचं उरलेलं हाय, जरा मचूळ हाय. पण तुम्ही म्हणलात, कोणतं बी चालतंय."

"नको, नको. तुम्हाला घरी लागंल."

"बोअर चालू होती तवा दोन उन्हाळे तुमच्या दारात भरलं आम्ही. तुम्ही कधी न्हाई म्हणलं न्हाई. उद्या जिल्ह्यासाठी जायचंय, गाडी कोरडी कशी जाईल?"

"बाई, खरंच राहू द्या," असं म्हणत महादेवप्पा हात जोडून उभे राहिले. उभं राहायला नको होतं.

धुरपताबाईंना जार दिसले. त्यांनी ते नीट पाहिले. मग उघडं इंजिन पाहिलं. महादेवप्पा मान खाली घालून वाट बघत राहिले. बाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्या त्यांनी उभ्या-उभ्या ऐकून घेतल्या असत्या.

बाईंनी आवाज खाली आणला, घरातल्या माणसाला सांगावं तसा.

"प्यायचं पाणी दिसतंय ते. आत उचलून ठेवा, अप्पा. गडबडीत गाडीत ओतून बसाल."

आणि त्यांनी कळशी तिरपी केली. महादेवप्पांनी नरसाळं धरलं, दोन्ही हातांनी.