वीस हात

होडीच्या नाळेवर तिने टेपचं टोक दाबून धरलं आणि मी पिछाडीपर्यंत चालत गेलो. लांबी नऊ मीटर साठ. मग रुंदी आणि खोली घेऊन बंदर खात्याच्या नोंदणीसाठी टनभार काढला. होडी आता तिच्या नावावर होणार होती. महिन्यापूर्वी वादळात नवरा पाण्यात पडला. होडी परत आली, तो सापडलाच नाही.

"साहेब, एक गणित करून द्याल?" तिने विचारलं. "होडी बांधताना सुतारानं मापाला ह्यांचाच हात घेतला होता, कोपरापासून बोटांपर्यंत. बरोबर वीस हात भरली. मग ह्यांचा एक हात केवढा?"

मी भागाकार केला. "अठ्ठेचाळीस सेंटिमीटर."

"ते मला काय कळणार? ह्याच्यावर दाखवा." तिने जाळ्याचा दोरा पुढे केला. मी तेवढा कापून दिला.

"देह मिळाला नाही, म्हणून उद्या ह्यांचा दर्भाचा पुतळा जाळायचाय. भटजी म्हणाले, हात अंदाजाने करू."

तिने दोऱ्याचं टोक स्वतःच्या कोपराला लावलं. दोरा तिच्या बोटांच्याही पुढे गेला. तेवढाच उरलेला तुकडा तिने मुठीत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.