काळ्या चौकटीतलं पहिलं नाव

"ही वेस सातशे वर्षांपूर्वीची, आणि ही भिंत तिच्याहून जुनी," एर्सिलियाने हात केला. मोंतेफ्रासोची टेकडी पाहुण्यांना दाखवण्यात तिची छत्तीस वर्षं गेली होती. तोंड आपोआप चालायचं.

भिंतीपाशी छापखान्यातला ओर्फेओ खळीची बादली घेऊन उभा होता. काळ्या चौकटीचा एक कागद त्याने नुकताच चिकटवला होता. तिला पाहून त्याने टोपी काढली, तेव्हाच खरं तर तिला कळायला हवं होतं.

"गावात जत्रा आहे का?" पाहुण्यांतल्या एका हौशी बाईंनी विचारलं. "वाचून दाखवा ना."

"माणूस गेलं की आमच्याकडे असा कागद लावतात," एर्सिलिया म्हणाली, आणि वाचू लागली. "गास्पारे त्राबाल्झी, वय एकाहत्तर. अंत्यविधी आज दुपारी चार वाजता."

बुरुजाची उंची सांगावी तसा आवाज. गास्पारे तिचा थोरला भाऊ. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. तो समोरून आला की ही गल्ली बदलायची. आता रडू येईल म्हणून ती जरा थांबली. कसलं काय, आत काही हललंच नाही.

"खाली नावं कोणाची?"

"कळवणाऱ्या घरच्यांची."

बाईंनी तिच्या छातीवरचा बिल्ला पाहिला, मग पुन्हा कागद. "पहिलं तर तुमचंच दिसतंय."

म्हणजे बातमी गावाला तीच कळवत होती, आणि तिला ती कळली आत्ता.

"वहिनीनं घातलं का रे माझं नाव?" तिने ओर्फेओला हळूच विचारलं.

"वहिनी कसली घालतेय! त्यानंच. ऑगस्टमध्ये काठी टेकत आला नि सगळी नावं बसून लिहिली. तुझं आधी, मग बायकोचं. मी म्हटलं, अरे बाबा, आहेस तोवर भेटून ये की तिला. तर म्हणतो, 'मी तिच्याकडे गेलो तर दार लावून घेईल. इथे वाचेल. रोज पाहुण्यांना घेऊन इथूनच जाते.'"

पाहुणे ताटकळले होते. कोणीतरी घड्याळ पाहिलं.

"बुरूज सरळ वर आहे," एर्सिलिया म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."